शुगर जुनी असेल तर पीएसएचा आकडा कसा वाचायचा

रिपोर्टवर ‘टोटल पीएसए : १.९’ असं छापलेलं असतं, शेजारच्या रकान्यात ‘० ते ४’, आणि वाचणं तिथेच थांबतं. पीएसए म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीची रक्तचाचणी. मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला असतो. पीडीएफ त्याच्या व्हॉट्सॲपवर जाते, ठळक अक्षरात काही छापलंय का तेवढं तो बघतो आणि फोनवर सांगतो, “बाबा, पीएसए नॉर्मल आहे. तीन महिन्यांची शुगर तेवढी बघा.” बऱ्याचदा त्याचं बरोबरच असतं. पण बाबांना पंधरा वर्षांपासून मधुमेह असेल, वजन नव्वदच्या पुढे असेल आणि रात्रीच्या गोळ्यांत एक लघवीची गोळी असेल, तर त्या १.९ चा अर्थ एवढ्यावर ठरत नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं आहे. मशीनला रक्ताची नळी दिसते, माणसाची शुगर, त्याचं वजन आणि खिशातल्या गोळ्या दिसत नाहीत. मधुमेह असलेल्यांचा पीएसए दोन्हीकडून फसवू शकतो. कमी आला तर गरजेपेक्षा जास्त निर्धास्त करतो, वाढून आला तर गरजेपेक्षा जास्त घाबरवतो. म्हणून चाचणी करायची की नाही इथपासून रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं इथपर्यंत क्रमाने सांगतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं, यासाठी हा लेख आहे.

हा आकडा नेमका कसला

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असलेली पुरुषांमधली ग्रंथी. तिच्या पेशी एक प्रथिन तयार करतात, तेच पीएसए. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं आणि ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजलं जातं. कॅन्सरमध्ये ते वाढू शकतं, वयोमानाने ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं, आणि जंतुसंसर्गात तर एकदम उसळतं. म्हणजे ही प्रोस्टेटची चाचणी आहे, कॅन्सरची नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये तिला मान्यता मिळाली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून ती १९९४ मध्ये मान्य झाली.

आणि ४ ही काही लक्ष्मणरेषा नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांमध्ये कॅन्सर सापडला. त्यातले बरेचसे संथ, कधी त्रास न देणारे होते हे खरं, पण सगळे नव्हते.

मधुमेहात आकडा का उतरतो

टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांचा पीएसए सरासरीने थोडा कमी असतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मधुमेह जितका जुना, तितका फरक जास्त. याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण टेस्टोस्टेरॉन. प्रोस्टेटच्या पेशी पीएसए बनवतात ते या हार्मोनच्या हुकमावर, आणि टाइप २ मधुमेहात, विशेषतः पोट सुटलेलं असेल तर, ते बऱ्याच पुरुषांमध्ये कमी असतं. दुसरं वजन. शरीर मोठं तसं रक्तातल्या द्रवाचं प्रमाणही जास्त. तेवढंच पीएसए जास्त रक्तात मिसळलं की आकडा लहान दिसतो. पातळ केलेल्या ताकात मीठ कमी लागतं, तसंच.

तिसरं कारण गोळ्या. मधुमेहासोबत कोलेस्टेरॉलची स्टॅटिन बहुतेकांना असतेच, आणि स्टॅटिन सुरू केल्यावर पीएसए काही टक्क्यांनी उतरतो. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. यातली कुठलीही गोळी पीएसएसाठी बंद करायची नाही, फक्त कागदावर लिहायची.

पण एक गोळी अशी आहे की ती लिहायची राहिली तर अख्खा रिपोर्ट निरर्थक होतो. लघवीची धार कमी झाली म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात बघा. नुसतं टॅम्सुलोसिन असेल तर काळजी नाही, त्याने पीएसए बदलत नाही. पण सोबत ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल, तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे छापलेला १.९ हा प्रत्यक्षात ३.८ धरून वाचायचा. केस गळतात म्हणून घेतलेली १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडही हेच करते, आणि ती गोळी लोक डॉक्टरांना सांगतच नाहीत. या गोळ्या चालू असताना पीएसए तळाला जाऊन पुन्हा चढू लागला, तर आकडा कितीही छोटा असो, युरोलॉजिस्टना (मूत्ररोगतज्ज्ञांना) दाखवायचा.

आता कोणी विचारेल, मग मधुमेहासाठीही एखादा गुणक असेल ना? नाही. दुप्पट करण्याचा नियम फक्त वरच्या दोन औषधांसाठी आहे. मधुमेहाचा फरक सरासरीचा आहे आणि माणसागणिक वेगळा. घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसू नका.

पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्यांत प्रोस्टेट कॅन्सरचं निदानच मुळात थोडं कमी आढळतं. आशियाई अभ्यासांत हा कल तितका स्पष्ट नाही. काही अंशी कमी टेस्टोस्टेरॉनमुळे हे खरंच असेल. पण काही अंशी असंही असू शकतं की पीएसए कमी म्हणून बायोप्सी कमी, आणि बायोप्सी कमी म्हणून निदान कमी. ज्यांना निदान होतं, त्यांच्यात मधुमेह असलेल्यांची पुढची वाटचाल तुलनेने खडतर असल्याचं दिसतं. “शुगरवाल्यांना हा कॅन्सर होत नाही” असं सकाळी जॉगिंग ट्रॅकवर कोणी सांगितलं तर हसून पुढे जा. तसंही आमच्या नाशिकला कृषीनगरच्या ट्रॅकवर आपली माणसं शुगरचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे मोठ्याने सांगतात, प्रोस्टेटचं नाव मात्र कोणी काढत नाही.

आधी ठरवा: चाचणी करायची का

भारतात प्रोस्टेटसाठी सरकारी सरसकट तपासणी नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातली कॅन्सर तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखासाठी आहे. त्यामुळे आपल्याकडे पीएसए होतो तो बहुधा चेकअप पॅकेजमधून, न विचारता. मला हे पटत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाची २०१८ ची शिफारस अशी की ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं आणि सत्तरीनंतर नेहमीची तपासणी म्हणून करू नये. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेट कॅन्सर झाला असेल, तर हे बोलणं चाळिशी-पंचेचाळिशीतच करावं.

मधुमेह असलेल्यांसाठी यात एक अवघड प्रश्न आहे. लवकर सापडल्याचा फायदा दिसायला दहा-पंधरा वर्षं जातात, कारण हा कॅन्सर बहुतेकदा हळू चालतो. अठ्ठावन्न वर्षांचे, शुगर आटोक्यात, रोज गंगापूर रोडला पाच किलोमीटर चालणारे काका असतील तर चाचणीला अर्थ आहे. पण बहात्तराव्या वर्षी बायपास झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, अशा आजोबांचं रक्त पॅकेजमध्ये आहे म्हणून पीएसएला पाठवणं म्हणजे त्यांच्यामागे आणखी एक काळजी लावणं. डॉक्टरांना सरळ विचारा: “आकडा वाढून आला तर आपण पुढे काही करणार आहोत का?” उत्तर ‘नाही’ असेल तर सुई टोचू नका.

लक्षणं असतील तर मात्र गोष्ट वेगळी. लघवीतून रक्त, लघवी अडकणं, न थांबणारी कंबरदुखी असेल तर वय बघत बसू नका, थेट युरोलॉजिस्ट. नुसतं रात्री चार वेळा उठावं लागणं मात्र दरवेळी प्रोस्टेटमुळे नसतं. शुगर २५० च्या वर असेल तर लघवी त्यानेच वाढते, आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांनीही वाढते. आधी शुगर बघा.

रक्त देण्याआधीचे दिवस

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तो टाळणं आपल्या हातात असतं.

पहिलं काम लघवीची साधी तपासणी. मधुमेहात लघवीचा जंतुसंसर्ग जास्त होतो आणि कधी कधी जळजळ, ताप काही न होता गुपचूप असतो. संसर्ग प्रोस्टेटपर्यंत गेला तर पीएसए दहा-वीसपर्यंतही जाऊ शकतो. लघवीत पू-पेशी जास्त असतील, नुकता ताप-जळजळ होऊन गेली असेल, लघवी अडकून नळी घालावी लागली असेल, तर उपचार पूर्ण करून सहा ते आठ आठवडे थांबा आणि मग पीएसए द्या. याच रिपोर्टमध्ये ‘शुगर : ३ प्लस’ दिसलं आणि तुम्ही डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी घेत असाल, तर दचकू नका. लघवीतून साखर बाहेर टाकणं हेच तिचं काम आहे.

दुसरं सायकल. नाशिक हे सायकलवाल्यांचं गाव. इथल्याच डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी निघते. मधुमेहासाठी सायकल उत्तमच. पण लांब पल्ल्यात सीटचा दाब थेट प्रोस्टेटवर येतो आणि आकडा तात्पुरता वाढू शकतो. रविवारी पहाटे त्र्यंबकेश्वर करून आलात तर सोमवारी पीएसए देऊ नका, किमान दोन दिवस जाऊ द्या. वीर्यस्खलनासाठीही तेवढंच अंतर ठेवा. लॅबमधली मुलं-मुली हा प्रश्न लाजेने विचारत नाहीत, म्हणून स्वतःच लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट फारशा कोणाला माहीत नसते: बायोटिन, हे एक ब जीवनसत्त्व. पायाला मुंग्या येतात म्हणून मधुमेहात ज्या ‘नसांच्या’ गोळ्या दिल्या जातात, त्यातल्या काहींत मिथाइलकोबालामिनबरोबर बायोटिन असतं. केस-नखांच्या गोळ्यांत तर ते मोठ्या मात्रेत, ५ ते १० मिलिग्रॅमपर्यंत असतं. काही मशीनची तपासणीपद्धत स्वतःच बायोटिनच्या पकडीवर चालते. रक्तात ते जास्त असेल तर पीएसए खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये प्रयोगशाळांना बायोटिनच्या अशा गडबडीबद्दल सावध केलं होतं. मोठ्या मात्रेची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा, आणि लॅबमध्ये सांगा.

सुई टोचायच्या दिवशी

पीएसएला उपाशीपोटी राहायची गरज नाही. एचबीए१सीला, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरलाही नाही. उपास लागतो तो फास्टिंग शुगरला. एकाच सुईत सगळं उरकायचं असेल तर सकाळी लवकर जा, आणि रक्त दिल्याशिवाय, नाश्ता समोर आल्याशिवाय इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊ नका. अकरापर्यंत रांगेत उपाशी बसून शुगर उतरल्याने घामाघूम झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर मिसळ खायची की नाही हा तुमचा आणि तुमच्या एचबीए१सीचा प्रश्न.

दरवेळी तीच लॅब. कंपनीगणिक किटचं प्रमाणीकरण वेगळं असतं, त्यामुळे त्याच दिवशीचं तेच रक्त दोन लॅबमध्ये वेगळा आकडा देऊ शकतं. यंदा सिडकोतल्या लॅबमध्ये, पुढच्या वर्षी ऑफर आहे म्हणून दुसऱ्या ॲपवर, असं केलं की दोन आकड्यांची तुलनाच राहत नाही.

डॉक्टरांनी ‘फ्री पीएसए’ (रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा भाग) लिहून दिला असेल तर घरी सॅम्पल देण्यापेक्षा लॅबमध्ये जा. टोटल पीएसए बऱ्यापैकी टिकतो, पण फ्री पीएसए नाजूक असतो. रक्त काढल्यावर काही तासांत सीरम वेगळं करून थंड ठेवावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात आडगावहून पाथर्डी फाटा, तिथून सातपूर अशी फेरी मारणाऱ्या दुचाकीच्या पेटीत ते किती नीट राहील, ते सांगता येत नाही.

आकडा हातात आल्यावर

एक वही करा. फोनमध्ये केली तरी चालेल, पण वहीवर माझा विश्वास जास्त. प्रत्येक पीएसएपुढे तारीख, लॅबचं नाव, त्या वेळचा एचबीए१सी, क्रिएटिनिन (किडनीची चाचणी), वजन आणि चालू गोळ्या लिहा. मधुमेह असलेल्या माणसासाठी सगळ्या जगाच्या ‘० ते ४’ पेक्षा त्याचा स्वतःचा आधीचा आकडा जास्त खरं बोलतो.

समजा, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका. मधुमेह चौदा वर्षांचा. तीन वर्षांचे पीएसए १.१, १.६ आणि २.४. तिन्ही छापील मर्यादेच्या आत. तिन्ही रिपोर्टवर ठळक काही नाही. पण दोन वर्षांत आकडा दुपटीहून जास्त झाला, आणि तो अशा शरीरात जिथे तो मुळात थोडा दबलेला असायला हवा. असा चढ डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे. उलट १.६ चा १.९ झाला तर लगेच धावू नका. एवढा चढउतार निरोगी माणसातही महिन्या-दोन महिन्यांत होतो.

वयही बघा. १९९३ मध्ये सुचवलेल्या वयानुसार मर्यादा अशा: चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५, सत्तरीत ६.५. पन्नाशीतला, जुन्या मधुमेहाचा माणूस ३.४ घेऊन आला तर मी त्याला काठावर धरेन, आत नाही.

किडनीचंही लक्षात ठेवा. टोटल पीएसए ४ ते १० मध्ये असला की फ्री पीएसएचं प्रमाण बघतात. ते २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर जास्त. पण फ्री पीएसए किडनीवाटे बाहेर पडतो. मधुमेहाने किडनी बरीच बिघडली असेल तर तो रक्तात साचतो आणि प्रमाण खोटं चांगलं दिसतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर त्या टक्केवारीवर विसंबू नका, आणि किडनीचा रिपोर्ट युरोलॉजिस्टच्या हातात नक्की द्या.

वाढून आला तर

आधी पुन्हा तपासा. काही आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, लघवीचा संसर्ग नाही याची खात्री करून. बऱ्याच जणांचा दुसरा आकडा उतरतो. संसर्गाचा पुरावा नसताना ‘उतरतोय का बघू’ म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नका. त्याने निदान लांबतं आणि जंतू चिवट होतात.

दुसऱ्यांदाही वाढलेला असेल तर बोटाने तपासणी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत दोन गोष्टी मागून घ्या. एक, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात, लघवी साचते, आणि त्यातून संसर्ग होऊन पीएसए वाढतो. दोन, प्रोस्टेटचा आकार. पीएसएला आकाराने भागलं की घनता कळते. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिलिलिटर असेल तर ०.१०, तोच ६ आणि ग्रंथी २५ ची असेल तर ०.२४. साधारण ०.१५ च्या वर गेलं की डॉक्टर गांभीर्याने घेतात. सोनोग्राफीतली मापं थोडी इकडेतिकडे होतात, म्हणून ही घनता एकटीच निकाल देत नाही.

त्यापुढे एमआरआय, शक्यतो बायोप्सीच्या आधी. त्यात संशयाला १ ते ५ असे गुण देतात. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. खर्च झेपणार नसेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय किंवा शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय इथे आधी चौकशी करा.

बायोप्सीची वेळ आलीच तर

मधुमेहात बायोप्सीनंतर संसर्गाचा धोका जास्त असतो. गुदमार्गाऐवजी अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून नमुना घेण्याची पद्धत आहे, तिच्यात हा धोका बराच कमी. ती होईल का, हे विचारा. आधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) करून घ्या. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर सांगा, पण हृदयात स्टेंट असेल तर स्वतःहून बंद करू नका. भूल द्यायची असेल तर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन सहसा तीन दिवस आधी थांबवतात. उपाशी राहायच्या दिवशीचं इन्सुलिन किती, हे शुगरच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका. पॅरासिटामॉल घेऊन झोपायचंही नाही. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा: बायोप्सी झाली आहे, मधुमेह आहे.

बायोप्सीत काही निघालं नाही तर पुढचा पीएसए कधी करायचा, हे तिथेच विचारून वहीत लिहा. कॅन्सर निघाला आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारं हार्मोनचं इंजेक्शन किंवा त्यासोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, तर शुगर वाढणार हे धरूनच चाला आणि पहिल्या इंजेक्शनच्या आधी शुगरच्या डॉक्टरांची वेळ घ्या.